शेणखत तुझं, युरिया माझा

अक्का, चेअरमननं तुला फसवलं. सोसायटीची पडीक जमीन तुझ्याकडून कसून घेतली, ती पिकायला लागल्यावर काढून घेतली, आणि स्वतःच्या चुकीनं गावातल्या भिकनची म्हैस मेली तेव्हा दोष तुझ्या नावावर टाकला. फसवणारा तो, फसलेली तू. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते. तू असतीस तर 'जाऊ दे' म्हणून मला हे वाक्य पुरं करू दिलं नसतंस.

तुझा दहावा झाला. घरात अजून माणसांची ये-जा आहे. येणारी प्रत्येक बाई तुझ्या शांत स्वभावाबद्दल बोलते आणि मग माझ्याकडे बघून गप्प होते. तिला काय म्हणायचंय ते मला कळतं. एका आईच्या दोन मुली, एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. एक गाय, तर दुसरी मिरची. म्हणू देत. मिरचीशिवाय या घराचं काय झालं असतं ते तुला माहीत होतं आणि मला माहीत आहे.

मी या घरात आले तेव्हा आपल्याकडे होतं काय? मुरमाड रान, एक म्हैस आणि पाऊस पडला तर पडला. माझा नवरा दीपनगरला पॉवर हाऊसच्या कामावर. सणासुदीला यायचा, तोही दमून. दाजी मोटेच्या बैलासारखे, हाकाल तिकडे चालणारे. बोलायची वेळ आली की घरातले सगळे माझ्याकडे बघायचे. मग मी बोलायला शिकले. बांधावरचं गवत कापून डोक्यावर भारा घेऊन शिंदखेड्याला जायची. तिथल्या म्हशीवाल्यांनी पहिल्या दिवशी मला येडी समजून भाव पाडला. दुसऱ्या दिवशी मी भारा परत उचलला आणि चालू लागले. त्यांच्या म्हशी हंबरत होत्या, आणि ज्याच्या म्हशी हंबरतात तो फार वेळ ताठ राहू शकत नाही हे मला त्या दिवशी कळलं. पुढं हातगाडी आली, मग बैलगाडी, मग चारा बारीक करायचं कुट्टीचं यंत्र. हे सगळं मी जिभेच्या बळावर केलं असं मी लोकांना सांगायची. तू मागून हसायचीस आणि म्हणायचीस, "तुनी जीभ, मना हात."

खरं होतं ते. चारा तू पिकवायचीस. मी तो विकायची. आणि आपलं भांडण सुरू व्हायचं ते तिथूनच.

बाजारात गिऱ्हाईक आधी रंग बघतं. काळसर हिरवी ज्वारी दिसली की म्हशीवाला पेंढीला हात घालतो. तो रंग यायचा युरियानं. म्हणून मी युरियाच्या गोण्यांसाठी हट्ट धरायची आणि तू उकिरड्याजवळून हलायची नाहीस. उकिरडा तुझा देव होता. त्यात कोपरापर्यंत हात घालून तू आतली ऊब बघायचीस, मूठभर खत काढून दाबायचीस, नाकाशी न्यायचीस. वास उग्र आला तर म्हणायचीस, अजून कच्चं आहे, शेतात टाकलं तर मुळं खाणारी हुमणी होईल, तण माजेल. तोच हात धुऊन भाकरी थापायला बसायचीस. मी तुला म्हणायची, अक्का, तुझं खत मुरेपर्यंत म्हशीवाल्यांचे नातू म्हातारे होतील. तू म्हणायचीस, तुझ्या गोणीचा चारा कापला की खालची माती बघ, वीट भाजायला काढल्यासारखी दिसते.

दोघींचंही खरं होतं, आणि दोघीही ऐकत नव्हतो.

मग सोसायटीची ती जमीन आली. पाझर तलावाच्या खालच्या अंगाचा तो तुकडा आठवतो ना? पाणी मुरायचं नाही, वर पांढरी खार फुलायची, ढोरंसुद्धा तिथं तोंड लावायची नाहीत. दूध सोसायटीला चाऱ्याचा नमुना प्लॉट करायचा होता आणि करायला कुणी तयार नव्हतं. भर सभेत चेअरमन उभा राहून म्हणाला होता, जो कुणी ही जमीन सुधारेल त्यानंच ती पुढं कसावी, सोसायटी हात लावणार नाही. सगळ्या गावासमोर म्हणाला होता. तू हळूच हात वर केलास. मी तुझा हात खाली ओढला. तू दुसरा वर केलास.

घरी येईपर्यंत मी बडबडत होते. त्या खारपटीत काय पिकवणार, मिठाचे वडे? तू एवढंच म्हणालीस की माती मेलेली नाही, तिचा श्वास कोंडलाय.

आधी चर खणले. दाजींनी आणि तू. पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला आणि फुलावर येण्याआधी गाडून टाकला. मग खत हवं होतं, आणि एवढं खत आपल्या एका म्हशीच्या उकिरड्यात कुठून येणार? दिवाळीनंतर ठेलारी मेंढरं घेऊन तापीकडं उतरतात, त्यांचा कळप शेतात बसवायचं आपण ठरवलं. धान्य किती द्यायचं, किती रात्री बसवायचं, हे ठरवणं माझं काम. मी बांधावर उभी राहून ठेलाऱ्याला सांगत होते की तुझी मेंढरं लंगडी आहेत, अर्धी तर रात्रभर लेंडी टाकत नसतील, आणि तो मिशीतल्या मिशीत हसत थोडा थोडा खाली येत होता. तेवढ्यात तू टोपली घेऊन आलीस. भाकरी, ठेचा, वर ताक. "पहिले जेवी ल्या, मंग बोला." तो माणूस जेवला. त्याची बायको जेवली. पोरं जेवली. जेवून हात पुसत तो मला म्हणाला, ताई, आता बोला. मी काय बोलणार? ज्याला भरपेट जेवू घातलं त्याच्याशी घासाघीस कोणत्या तोंडानं करायची? त्यानं आधी सांगितलं होतं तेवढं धान्य मी दिलं. त्या दिवशी मी तुझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

पण तो ठरल्यापेक्षा जास्त दिवस थांबला, हेही लिहायला हवं. न मागता. आणि पुढच्या दिवाळीला दुसऱ्या कुणाच्या बांधावर न जाता सरळ तुझ्याकडं आला. हा व्यवहार मला आजही जमत नाही.

शेणखत आणि युरिया अर्धं-अर्धं करायचं कुणाच्या डोक्यात आलं, हे आपलं भांडण तर तुझ्या शेवटच्या आजारपणातसुद्धा मिटलं नाही. तू म्हणायचीस, "मी सांगेल व्हतं." मी अजूनही म्हणते की मी सांगितलं होतं. आपल्याकडचा कृषी सहायक, तो चष्मेवाला, सायकलवर यायचा, त्यानं मातीचा नमुना धुळ्याला पाठवला आणि सांगितलं की शेणखत भरपूर असेल तर युरिया निम्मा केला तरी चालेल, पण बंद करू नका. नुसत्या खतावर कापणीचं पीक तग धरायचं नाही. त्याचं ऐकून तू म्हणालीस की बघ, शेणखत भरपूर असं म्हणाला. मी म्हणाले की बघ, युरिया बंद करू नका असं म्हणाला. तो बिचारा चहा घेऊन गेला. पण जे झालं ते खरं. उकिरड्याच्या थरांवर सुपर फॉस्फेट पसरून तू खत कुजवलंस, पेरणीआधी ते मातीत मिसळलंस. ज्वारी-मका उगवून वर आल्यावर मी युरिया आणला, तोही तू एकदम टाकू दिला नाहीस. ओल बघून, थोडा थोडा. गजराज गवताला प्रत्येक कापणीनंतर चिमूट चिमूट. आणि लसूण घासाच्या वाफ्यात मी गोण घेऊन शिरले तर तू आडवी झालीस. तो आपलं खत हवेतून आपणच कमावतो, त्याला फुकटचं खाऊ घालून आळशी करू नकोस, असं म्हणालीस. सहायकानंही मान डोलावली. तिथं मी हरले, कबूल.

पहिल्या वर्षी चारा विरळ आला. दुसऱ्या वर्षी पाणी साचेना. मग एका पावसाळ्यात मी प्लॉटवर आले तर तू चिखलात उकिडवी बसून ढेकूळ फोडत होतीस. आत गांडुळं. तू मला ती दाखवलीस, आणि शिंदखेड्याच्या सराफाला जमणार नाही अशा तोऱ्यात ढेकूळ परत ठेवलंस. त्या वर्षीची ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती. रंग असा की मला बाजारात तोंडही उघडावं लागलं नाही. उघडलं, ती गोष्ट वेगळी. पण पेंढी हातात घेतली की जड लागायची, नुसत्या युरियाच्या चाऱ्यासारखी पाणचट नाही. म्हशीवाले दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे की दूध घट्ट झालं. गावातली, शेजारच्या गावांतली माणसं प्लॉट बघायला यायची. तो प्लॉट सोसायटीचा, पण लोक म्हणायचे, अक्काचा प्लॉट.

तेच चेअरमनला खुपलं. तालुक्याचे अधिकारी बघायला आले तेव्हा तो पुढं, तू मागं. त्यानं बांधावर उभं राहून हात फिरवत सगळं सांगितलं, आणि तू त्यांच्यासाठी चहा आणायला गेलीस. पुढच्या हंगामात सोसायटीनं ठराव केला की नमुना प्लॉट आता सोसायटी स्वतः चालवेल. ज्यानं सुधारावी त्यानं कसावी, हे बोलणं कुणाला आठवेना. मी भांडायला निघाले. तू पदर धरून बसवलंस. "जमीन कोठे जास? तठेच शे ना." मी तुला विचारलं की तुला राग येत नाही का. तू म्हणालीस, येतो, पण आपल्याकडं मुरमाड रान आहे, हात आहेत, उकिरडा आहे, राग तिकडं लावू.

लावलास. ती मुरमाडही तू उठवलीस. ते लोकांना माहीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

चेअरमनच्या हातात गेलेल्या प्लॉटवर शेणखत कोण वाहणार? गडी लावावे लागतात, उकिरडे राखावे लागतात, ठेलाऱ्याला जेवू घालावं लागतं. त्यानं गोण्या ओतल्या, नुसत्या. त्या वर्षी पावसानं ओढ दिली. ज्वारी खुरटली, गुडघ्याएवढी, पण रंगानं काळीकुट्ट हिरवी. चाऱ्याचा तुटवडा होता, लोक मागत होते, चेअरमनला आपला प्लॉट किती चारा देतो ते दाखवायचं होतं. त्यानं ती कोवळीच कापून सभासदांना वाटली. भिकननं भारा नेला. दुपारपर्यंत त्याची म्हैस आडवी पडली. डॉक्टर आला, पण उशिरा. त्यानं गोठ्यातच सांगितलं की किराळ लागलंय. ताण बसलेली कोवळी ज्वारी, त्यात नुसता युरिया, जनावराला विषच.

ती म्हैस आपल्या म्हशीची, चंद्रीची पारडी होती. तूच ती वाढवून भिकनला दिली होतीस.

चेअरमननं संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर काय सांगितलं ते गावातल्या पोराटोरांना पाठ आहे. प्लॉट अक्काच्याच पद्धतीनं चालवला, शेण आणि युरिया एकत्र आले की चाऱ्यात विष धरतं, ही अडाणी मिसळ मी आधीच बंद करायला हवी होती. असं म्हणाला तो. शेणाची एक पाटी त्या वर्षी त्या जमिनीत गेलेली नव्हती, अक्का. एक पाटी नाही.

डॉक्टरचं बोलणं विसरून लोकांनी, भिकननंसुद्धा, विश्वास ठेवला. माणूस मेलेल्या जनावरापुढं विचार करत नाही. माझ्या कुट्टीच्या दुकानावर शुकशुकाट झाला. मी दिवसभर पेंढ्यांवर पाणी मारत बसायची. पण मला दुकानाचं काही वाटलं नाही, मी दुकानं उभी करू शकते. मला वाटलं ते तुझं. तू भिकनच्या घरी गेलीस, दारात उभी राहिलीस, आणि त्यानं तुझ्याकडं पाठ केली. तू परत आलीस आणि उकिरड्याजवळ जाऊन बसलीस, पण हात आत घातला नाहीस. तू स्वतःवरच संशय घ्यायला लागली होतीस. मला विचारलंस की खरंच काही चुकलं असेल का आपलं. तुझ्या तोंडून तो प्रश्न ऐकला आणि मी ठरवलं की आता 'जाऊ दे' ऐकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला सगळं गाव सोसायटीवर जमलं होतं. मी मधोमध जाऊन उभी राहिले आणि चेअरमनला म्हणाले, आबा, आमच्या चाऱ्यात विष आहे म्हणता ना, मग तुमचीच माणसं पाठवा, त्यांनी आमच्या रानातून त्यांच्या हातानं ज्वारी कापावी, आणि उद्या इथं सगळ्यांसमोर अक्काच्या म्हशीला घालावी. तो खूश झाला. लगेच हो म्हणाला, मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असं. त्याचं हो पक्कं झाल्यावर मी उरलेलं अर्धं बोलले. तुमच्या प्लॉटवर कापणीनंतर आलेला कोवळा फुटवा आमचा माणूस कापेल, आणि तो तुमच्या म्हशीला घालायचा. सौदा करताना गोड बाजू आधी दाखवायची असते. लोकांनी माना डोलावल्या होत्या, त्याला मागं फिरता येईना.

घरी आल्यावर तू माझ्यावर अशी चिडलीस की तसं आयुष्यात कधी चिडली नव्हतीस. त्याच्या म्हशीनं काय पाप केलं, असं विचारलंस. मी म्हणाले, तो घालणारच नाही. तू म्हणालीस, आणि घातला तर? मी म्हणाले, तर तो खरा. तू मला स्पष्ट सांगितलंस की त्यानं पेंढी पुढं केली तर तू आडवी होशील, मग गाव आपल्याला खोटं ठरवो.

सकाळी तू चंद्रीला धुऊन, शिंगांना तेल लावून नेलंस. लग्नाला न्यावं तसं. चेअरमनच्या गड्यांनी आपल्या रानातली ज्वारी कापून आणली, फुलावर आलेली, उंच. तू ती आपल्या कुणालाही हात न लावू देता त्यांच्याच हातून चंद्रीपुढं टाकायला सांगितलीस. चंद्रीनं वास घेतला आणि खायला सुरुवात केली. लोक बघत होते. एखादी म्हैस रवंथ करताना इतक्या माणसांनी कधी पाहिली नसेल. ती खात होती, शेपटी हलवत होती, आणि मध्येच तिनं सोसायटीच्या पायरीवर ऐसपैस शेण टाकलं. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. तुझ्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा पहिल्यांदा उतरला.

मग मी वळून चेअरमनकडं बघितलं. त्याची म्हैस बांधलेली होती, प्लॉटचा कोवळा फुटवा समोर होता. त्याच्या गड्यानं पेंढी सोडली. म्हशीनं मान लांब केली. तू पुढं झालीस, हात पसरून. आणि त्याच क्षणी चेअरमन ओरडला, "थांब रे!"

गडी थांबला. सगळे चेअरमनकडं बघत होते.

"गाभण आहे ती," चेअरमन म्हणाला.

तेव्हा मागून, दुधाची बरणी हातात घेतलेला भिकन बोलला. इतके दिवस तो कुणाशीच बोलत नव्हता.

"मनी म्हैस भी गाभणच व्हती, आबा."

अक्का, माझं सगळं आयुष्य बोलण्यात गेलं. पण मी बोललेल्या कुठल्याही वाक्याला त्या वाक्याची सर नाही. त्यानंतर काही सिद्ध करायचं उरलंच नव्हतं. चाऱ्यात विष कशामुळं धरतं हे चेअरमनला ठाऊक होतं. मिसळीमुळं नव्हे, त्यानं ओतलेल्या गोण्यांमुळं आणि कोवळं कापण्यामुळं. ठाऊक होतं म्हणून तर आपल्या म्हशीपुढची पेंढी त्यानं अडवली. भिकनच्या म्हशीपुढची नाही अडवली.

चंद्री संध्याकाळपर्यंत तिथंच उभी ठेवली आपण. माणसं कामाला जायची, परत येऊन बघायची. तिन्हीसांजेला तू तिथंच बसून धार काढलीस, आणि भिकननं येऊन बरणी धरली. मी रडले, रागानं. लोकांनी मला रडताना पाहिलं तो तेवढा एकच दिवस.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानावर रांग लागली. त्या हंगामात गावात शेणखताला एवढी मागणी आली की पोरं ढोरांमागं पाटी घेऊन फिरायला लागली. मेंढरं बसवण्यासाठी ठेलाऱ्यांना लोक वेशीपर्यंत जाऊन बोलावू लागले, आणि तुझा तो ठेलारी सगळ्यांना सांगायचा की आधी भाकर, मग भाव. आज आपल्या शिवारात फिरलं तर प्रत्येक चाऱ्याच्या तुकड्याच्या कडेला उकिरडा दिसतो आणि घरात युरियाची गोण दिसते, निम्मी वापरलेली. लहान पोरं 'अक्काची मिसळ' म्हणतात, कोणती अक्का ते माहीत नसताना. चेअरमनच्या स्वतःच्या शेतातसुद्धा शेणखताचे ढीग आहेत. मी मुद्दाम त्या रस्त्यानं जाते. मुद्दाम हळू चालते.

आपण जिंकलो, अक्का. तुझ्या हातांनी जिंकलो. खारपट जिंकली, मुरमाड जिंकली, गाव जिंकलं. हे मी तुला तू असताना कधी म्हटलं नाही. तू मला फुशारकी म्हणाली असतीस. शिंदखेड्याच्या बाजारात मी ताठ उभी राहायची ते तुझ्या पेंढीचं वजन हातात असायचं म्हणून. लोकांना वाटायचं जिभेनं विकते. पोकळ पेंढी जिभेनं एकदा विकता येते, दुसऱ्यांदा नाही.

पण एक भांडण राहिलंच.

त्या दिवशी, भिकन बोलून गेल्यावर, मी चेअरमनकडं सरळ चालत निघाले होते. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी खोटं बोललो, अक्काचा दोष नव्हता, एवढी दोन वाक्यं. तो तेव्हा बोलला असता. लोक त्याच्याभोवती होते, तोंडाचा रंग उडाला होता, त्या घटकेला तो मला हवं ते बोलला असता. सौदा कधी पक्का होतो ते मला कळतं. आणि तू माझं कोपर धरलंस. "बठ्ठा गावनी देखं. आते बस."

मी थांबले. तुझ्यासाठी थांबले. आणि तो न बोलता घरी गेला.

यावर आपण किती वाद घातला. तू म्हणायचीस की सगळ्या गावानं बघितलं ते पुरे, माणसाला कोपऱ्यात दाबून काढलेलं बोलणं काय कामाचं. मी म्हणायची की बघणारे मरतात, विसरतात, गाव सोडून जातात, बोललेलं राहतं. तू म्हणायचीस, माती लक्षात ठेवते. मी म्हणायची, माती सभेला येऊन साक्ष देत नाही. यातलं कोण बरोबर होतं ते ठरायच्या आत तू गेलीस.

आता मला कळलंय. काल सोसायटीतून निरोप आला. तेराव्याला तिथं शोकसभा आहे. त्या नमुना प्लॉटला तुझं नाव द्यायचं ठरलंय. आणि भाषण कोण करणार? चेअरमन. निरोप आणणाऱ्यानं अभिमानानं सांगितलं की आबा सांगणार आहेत, त्यांच्या मार्गदर्शनाखाली अक्कांनी ती खारपट कशी सुधारली. मार्गदर्शन! भिकन माझ्या ओट्यावर बसला होता. तो उठून उभा राहिला, पण बोलला नाही. तोही तुझ्यासारखाच. मला वाटलं, ही माणसं अशीच गप्प राहिली तर दहा वर्षांनी प्लॉट त्याचा, पद्धत त्याची, आणि मेलेली म्हैस तेवढी तुझी.

मी सभेला येणार आहे. पुढच्या रांगेत बसणार आहे. नावाच्या पाटीला माझी हरकत नाही, तुझं नाव त्या जमिनीवर हवंच. पण फूल वाहायच्या आधी मी उभी राहणार, आणि या वेळी माझं कोपर धरायला कुणी नाही.

चेअरमन आबा, हा कागद सभेआधी सोसायटीत पोचेल; तुम्ही हे वाचाल, नाहीतर कुणी वाचून दाखवेल. भाषण करा, जरूर करा. पण त्याआधी भिकनच्या समोर उभं राहून सांगा. त्या वर्षी त्या जमिनीत शेणाची पाटी गेली होती का? कोवळी ज्वारी कुणी कापायला लावली? आणि आपल्या म्हशीपुढची पेंढी का थांबवलीत? अक्का गेली. ती विचारणार नव्हतीच. मी विचारते आहे, गावासमोर विचारते आहे. उत्तर द्या, आबा.